दोन ओळींचा दाखला

आईच्या डाव्या गुडघ्यावर लिंबाएवढी गाठ आली होती. पुण्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी ती दाबून पाहिली, काय काम करायचात म्हणून विचारलं आणि केसपेपरवर इंग्रजीत दोन शब्द लिहिले. भाच्यानं त्याचा फोटो काढून मला पाठवला. ‘हाउसमेड्स नी.’ मोलकरणीचा गुडघा.

आईनं पुण्यात एकतीस वर्षं लोकांच्या घरची धुणीभांडी केली, केरफरशी केली. फरशी पुसताना ती डावा गुडघा टेकवायची, उजवा पाय उभा धरायची आणि तशीच मागं मागं सरकत दाराशी यायची. गुडघ्याच्या वाटीपुढं कातडीखाली एक छोटी पिशवी असते. वर्षानुवर्षं जमिनीवर घासून ती सुजते, तिच्यात पाणी धरतं. मी हे तिला फोनवर समजावलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “डाक्टरांनी आमच्यावरनं नाव ठिवलं व्हय?”

“तुमच्यावरून नाही गं. इंग्लंडातल्या बायांवरून.”

“तितं गोऱ्या बाया फरशी पुसायच्या?”

मी इंग्लंडातल्या चेस्टरला राहायला येऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आमच्या गल्लीतली घरं विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची, लाल विटांची, एकाला एक चिकटलेली. आमच्या घरात खालच्या सगळ्या खोल्यांना, झोपायच्या खोल्यांनासुद्धा, भिंतीतल्या शेगड्या आहेत. माळ्यावर एक खोली आहे, उतरत्या छपराची, एका माणसाची खाट कशीबशी मावेल एवढी. तिला शेगडी नाही. इतकी वर्षं मी तिथं सूटकेसेस ठेवत आले, पण ती खोली कुणासाठी बांधली होती हे आईनं विचारल्यावर माझ्या डोक्यात आलं. जी पोर पहाटे उठून खालच्या सगळ्या शेगड्या पेटवायची, तिच्याच खोलीत शेगडी नव्हती.

त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर सातवा एडवर्ड होता, १९०१ ते १९१० या काळात. महायुद्ध सुरू होईपर्यंतची पुढची चार वर्षंही लोक त्याच काळात धरतात. १९११च्या खानेसुमारीत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ लाख बायका आणि मुली दुसऱ्यांच्या घरी कामाला होत्या. बाईमाणसाला मिळणाऱ्या कामात त्याहून मोठं काम दुसरं नव्हतं, गिरणीचंसुद्धा नाही. यॉर्क शहरातली गरिबी घरोघर जाऊन मोजणाऱ्या सीबम राउंट्रीनं १९०१ साली जे पुस्तक छापलं, त्यात कामकरी वर्ग आणि वरचा वर्ग यांच्यामधली रेघ त्यानं नोकरावरूनच ओढली. ज्यांच्या घरी नोकर आहे ते एकीकडं, ज्यांच्या घरी नाही ते दुसरीकडं.

टीव्हीवरच्या मालिकांमुळं आपल्या डोळ्यांपुढं येतो तो मोठा वाडा आणि टेबलावरचे काटे-चमचे मोजणारा बटलर. तसे वाडे होते, आणि नोकरांच्या खालच्या जेवणघरातही वरच्याइतकीच उतरंड होती. पाहुण्या बाईसाहेबांबरोबर आलेल्या दासीला तिच्या मालकिणीच्या नावानं हाक मारायचे आणि मालकिणीच्या मानानुसार बसवायचे. चार्ल्स बूथनं लंडनची पाहणी केली, तीत फुटमनचा, म्हणजे दारात आणि जेवणाच्या टेबलाशी उभ्या असणाऱ्या नोकराचा, पगार त्याच्या उंचीप्रमाणं चढताना दिसतो. पुरुष नोकर ठेवला तर सरकारला दरसाल १५ शिलिंग कर भरावा लागे, म्हणून दारातला उंचापुरा पुरुष नोकर ही श्रीमंतीची पाटीच होती. पण त्या १३ लाखांतल्या बहुतेकजणी अशा वाड्यांत नव्हत्याच. त्या आमच्या गल्लीसारख्या गल्ल्यांमध्ये, कारकुनाच्या, दुकानदाराच्या, पाद्र्याच्या घरी एकट्या नाहीतर दुकट्या होत्या. ‘मेड ऑफ ऑल वर्क’ म्हणायचे अशा पोरीला. सगळ्या कामांची एकच.

तिचा दिवस साडेपाच-सहाला सुरू व्हायचा. आधी स्वयंपाकघरातली मोठी लोखंडी चूल. राख काढायची, धुराड्यातली काजळी झाडायची, लोखंडाला काळं शिसं लावून ब्रशनं ते आरशासारखं चमकवायचं, मग पेटवायची, तेव्हा कुठं घरात गरम पाणी. तेवढ्यात जेवणघरातली शेगडी. तिथंही तेच, फक्त राख गालिच्यावर सांडायची नाही. गालिचा झाडायचा तर आदल्या दिवशीचा ओला चहाचा चोथा त्यावर पसरायचा, म्हणजे धूळ उडत नाही आणि चोथ्याबरोबर गोळा होऊन येते. आईला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, “आपण न्हाई का पाणी मारून झाडत.” मग दाराबाहेरची पायरी. गुडघ्यावर बसून ती घासायची आणि मऊ दगडानं पांढरी करायची. उजाडल्यावर गल्लीतल्या कुठल्या घरची पायरी पांढरी आहे हे सगळ्यांना दिसायचं.

त्यानंतर न्याहारी. मालक-मालकीण खाली आले की वरच्या खोल्या. रात्रीची भांडी रिकामी करायची, घाण पाणी बादलीतून खाली न्यायचं, स्वच्छ पाणी कॅनमधून वर चढवायचं, कोळशाची बादली वर, राखेची बादली खाली. कुणाला अंघोळ हवी असेल तर टबाचं पाणीही हातानं वर आणि हातानंच खाली. दुपारी छापील सुती झगा बदलून काळा झगा, पांढरा एप्रन आणि डोक्यावर टोपी, कारण आता दार उघडायला तीच. चहा, रात्रीचं जेवण, भांडी. धुण्याच्या सोड्यानं हाताला पडलेल्या भेगा हिवाळाभर भरायच्या नाहीत. रविवारी आलटून पालटून अर्धा दिवस सुट्टी आणि आठवड्यात एक संध्याकाळ, तीही नऊ-दहाच्या आत परत यायच्या अटीवर. वर्षाचा पगार जेवूनखाऊन बारा ते अठरा पौंड, आणि नोकरीला येताना दोन्ही गणवेश स्वतःचे आणायचे. तेवढे पैसे जमावेत म्हणून बारा-तेरा वर्षांच्या पोरी आधी गावातच एखाद्या लहानशा घरी वर्षभर राबायच्या. त्या पहिल्या कामाला इंग्रजीत नावच होतं, ‘पेटी प्लेस’, म्हणजे किरकोळ जागा.

यातलं सुऱ्यांचं काम मला सगळ्यात जास्त छळतं. तेव्हाच्या सुऱ्या साध्या पोलादाच्या असत. लिंबू लागलं की काळ्या, पाणी राहिलं की गंज. म्हणून रोज, जेवणाच्या प्रत्येक वेळेनंतर, त्या फळीवर कुरुंदाच्या पुडीनं घासायच्या. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं न गंजणारं पोलाद ओतलं ते १९१३ साली. ह्यूबर्ट सेसिल बूथचं धूळ ओढणारं यंत्र १९०१ सालीच आलं होतं, एवढं मोठं की घोडागाडीवरून रस्त्यात उभं करायचं आणि त्याच्या नळ्या खिडकीतून आत सोडायच्या. एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी १९०२ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानंच साफ केले. पण कारकुनाच्या घरी त्याचं काय काम? पंधरा पौंडांत वर्षभराची मुलगी मिळत होती. नळ वरच्या मजल्यावर न्यायची निकड कुणाला वाटत नव्हती, कारण पाणी वर जातच होतं. खर्च वाटावा इतकी त्या पोरीच्या पाठीची किंमतच नव्हती.

गुडघ्याचं पाणी काढून झाल्यावर, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, आई आमच्याकडं तीन महिने राहायला आली. तिला मी एरडिगला नेलं. चेस्टरहून गाडीनं अर्ध्या तासावर, वेल्समधल्या रेक्सहॅमजवळ हा वाडा आहे. यॉर्क घराण्याचा. १९७३ साली तो जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडं गेला. तिथं पाहुण्यांना समोरच्या दारानं नेत नाहीत. सुताराचं अंगण, लोहाराची भट्टी, तबेले, धुण्याची जागा, भटारखाना असं करत मागून स्वयंपाकघरात नेतात.

आई अंगणात थांबली. “आपल्याला मागच्या दारानं का नेतायत?”

“सगळ्यांनाच इथून नेतात.”

“समद्यांना?” तिनं मागं वळून पाहिलं. आमच्यामागं छान कपड्यातलं एक वयस्कर गोरं जोडपं येत होतं. ते आत गेल्यावर मग ती निघाली.

धुण्याच्या खोलीत चादरी दाबायचं यंत्र आहे. खाटेएवढी लाकडी पेटी, आत दगड भरलेले, खाली लाटणी. लाटण्यांना चादर गुंडाळायची आणि ती पेटी त्यावरून मागंपुढं ओढायची. आईनं त्याला हात लावला नाही, पण खाली वाकून ते नीट बघितलं. “वढायचं कुणी? दोन बाया लागत असत्याल.” वरच्या दालनातले रेशमी पडदे आणि आरसे तिनं चालता चालता पाहिले. जिथं थांबली तिथं मोरी होती, दगडी हौद होता, तांब्याची पातेली होती.

एरडिग प्रसिद्ध आहे ते नोकरांच्या चित्रांसाठी. १७९०च्या दशकात पहिल्या फिलिप यॉर्कनं आपल्या सुताराची, शिकारीचं रान राखणाऱ्याची, मोलकरणीची तैलचित्रं काढून घेतली आणि प्रत्येकाखाली स्वतः रचलेल्या ओळी लिहिल्या. जेन एब्रेल नावाची एक म्हातारी आहे त्यात, १७९३ सालची, वय ८७, हातात झाडू. तिची ओळख लिहिली आहे ती कोळिष्टकं झाडणारी म्हणून. पुढच्या पिढ्यांनी छायाचित्रं काढली, सगळी माणसं आपापली अवजारं हातात धरून ओळीनं उभी. एडवर्डच्या काळात वाड्याचा मालक दुसरा फिलिप यॉर्क होता आणि तोही नोकरांवर पद्यं रचायचा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार भरून आलं होतं. इंग्लंडातल्या वाड्यांत मालकांच्या आज्या-पणज्यांची चित्रं असतात. इथं कोळिष्टकं झाडणारीचं नाव २०० वर्षांनंतर वाचता येतं, ही लहान गोष्ट नाही.

मग मला एलन पेनकेथबद्दल कळलं. १९०२ साली ती एरडिगला स्वयंपाकीण आणि घर सांभाळणारी अशा दोन्ही कामांवर आली. फिलिपची नवी बायको लुइसा त्याच साली या घरात आली होती. वाण्याची, खाटकाची बिलं, हिशेबाची वही, सगळं एलनकडं. १९०७ साली बिलं थकलेली निघाली आणि तिच्यावर सुमारे ५०० पौंडांच्या चोरीचा आळ आला. तिला अटक झाली, कोठडी झाली, खटला चालला. ज्युरीनं तिला निर्दोष ठरवलं. एरडिगच्या घरात मात्र ती चोर स्वयंपाकीणच राहिली. कोर्टानं सोडलं तरी घरानं सोडलं नाही. त्या वाड्यात कुणाची ओळख काय म्हणून राहायची, ते ओळी लिहिणाऱ्याच्या हातात होतं, मग तो कितीही मायाळू असो.

खालच्या बोळातल्या फोटोंसमोर बाकावर बसून मी आईला ही गोष्ट सांगितली. सुटली म्हटल्यावर तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिनं लगेच विचारलं, “मग पुढं तिला काम कुनी दिलं?”

तिला हा प्रश्न का पडला ते मला ठाऊक होतं. मी आठ वर्षांची होते तेव्हा एका घरातली अंगठी हरवली. पोलीस आले नाहीत, आरडाओरडा झाला नाही. वहिनींनी फक्त सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. त्या आठवड्यात त्याच इमारतीतली आणखी तीन घरं सुटली. एकीनं सांगितलं पाहुणे येणार आहेत, एकीनं सांगितलं मशीन घेतोय, तिसरीनं दारच उघडलं नाही. दोन महिन्यांनी अंगठी तांदळाच्या डब्यात सापडली. हे आम्हाला वॉचमनच्या बायकोकडून कळलं. त्या इमारतीतलं कुणी सांगायला आलं नाही. मधल्या काळात आई नदी ओलांडून पलीकडं काम शोधत फिरली, आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न. आधी कुठं होतीस? कुणी शब्द टाकणारं आहे का?

शब्द टाकणं. आपल्याकडं हे किती सहज बोललं जातं. पोराच्या नोकरीसाठी, कॉलेजच्या प्रवेशासाठी, सोयरिकीसाठी कुणीतरी कुणाजवळ शब्द टाकतं. आईसारख्या बाईकडं स्वतःची अशी दुसरी पुंजी नव्हतीच. तिच्या कामाला कागद नव्हता, साल नव्हतं, हुद्दा नव्हता. शेवटच्या मालकिणीचं तोंड हाच तिचा दाखला.

एडवर्डच्या इंग्लंडात त्या दाखल्याला ‘कॅरॅक्टर’ म्हणत. मुलगी प्रामाणिक आहे, लवकर उठते, स्वच्छ आहे, दारू पीत नाही, अशा दोन-चार ओळी जुन्या मालकिणीनं नव्या मालकिणीला लिहायच्या. बहुतेक वेळा पत्र परस्परच जायचं, आपल्याबद्दल काय लिहिलंय हे मुलीला वाचायलाही मिळायचं नाही. १७९२ सालच्या कायद्यानं खोटा दाखला बनवणाऱ्याला २० पौंड दंड ठेवला होता, म्हणजे एखाद्या मोलकरणीचा वर्षाहून जास्त पगार. पण मालकिणीनं दाखला दिलाच पाहिजे असा कायदा नव्हता. नाही म्हटलं की संपलं. नोकरी तर जायचीच, आणि नोकरीबरोबर खाट आणि जेवणही जायचं, कारण राहणं तिथंच. आपली पत्र्याची पेटी उचलायची आणि स्टेशनवर जायचं. इथं दाखला या शब्दाचा आणि चारित्र्य या शब्दाचा इंग्रजीत एकच शब्द आहे हे मला फार क्रूर वाटतं. तुझं चारित्र्य तुझ्याजवळ नाही, ते बाईंच्या टेबलाच्या खणात आहे.

नावही पुष्कळदा तिच्याजवळ राहत नसे. घरात मालकिणीच्या मुलीचं नाव तेच असेल, किंवा नोकराच्या मानानं ते नाव मालकिणीला फार नखरेल वाटत असेल, तर ते बदलायचे. मेरी किंवा एमा. फुटमनला जॉन किंवा जेम्स. एक मेरी गेली की दुसरी यायची, तीही मेरी. घंटा वाजली की हाक तीच. विमेन्स इंडस्ट्रियल कौन्सिलनं युद्धाआधीच्या वर्षांत या बायांना प्रश्न पाठवून त्यांची उत्तरं गोळा केली आणि १९१६ साली छापली. त्यात कष्टांइतकीच तक्रार आहे ती एकटेपणाची, आणि त्या टोपीची. काम चालेल, टोपी नको. कारण टोपी घालून दार उघडलं की समोरचा चेहऱ्याकडं बघत नाही.

याच टोपीचा एका मुलीनं काय उपयोग केला ते वाचून मला जो आनंद झाला, तो मी लपवणार नाही. जेसी स्टीफन, ग्लासगोची, शिंप्याची लेक, किशोरवयातच घरकामाला लागलेली. तिथल्या मोलकरणींची संघटना बांधायला निघाली तेव्हा ती विशीचीही नव्हती. बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांनी १९१३ साली टपालपेट्यांत ॲसिड ओतायची मोहीम काढली, त्यात ती होती. ती काळा झगा, एप्रन, टोपी असा कामाचा गणवेश घालून रस्त्यानं गेली, पेटीत बाटली टाकली आणि परत आली. मालकिणीचं पत्र टाकायला आलेल्या मोलकरणीकडं कोण बघतं! लंडनमध्ये त्याआधीच, १९०९-१०च्या सुमारास, कॅथलिन ऑलिव्हर नावाच्या स्वतः घरकाम केलेल्या बाईनं डोमेस्टिक वर्कर्स युनियन सुरू केली होती. ती फार मोठी झाली नाही. ज्यांना आठवड्यात एक संध्याकाळ मिळते, त्या सभेला कधी येणार? पण संप केला तर काय होतं हे मला पुण्यातून माहीत आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या, तेव्हा मी सहा महिन्यांची होते आणि आईच्या कडेवर होते. ती अजूनही सांगते की मोर्चात तिला पहिल्यांदा कळलं, पलीकडच्या गल्लीतल्या बाईलासुद्धा खाड्याचे पैसे कापतात.

लंडनमधली दुसरी एक सभा याच्या अगदी उलटी होती. तेव्हाचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यानं १९११ साली विम्याचा कायदा आणला. कामकरी बाईनं आठवड्याला ३ पेन्स, मालकानं ३ पेन्स, आणि आजारी पडली तर तिला आठवड्याला साडेसात शिलिंग. मोलकरणीही त्यात आल्या. दर आठवड्याला मालकिणीनं कार्डावर तिकीट चिकटवायचं. २९ नोव्हेंबरला अल्बर्ट हॉल बायकांनी भरला, मालकिणी आपल्या मोलकरणींना घेऊन आल्या, आणि सरकारची तिकिटं आम्ही चाटणार नाही असं ठणकावलं. आमच्या पोरी आजारी पडल्या तर आम्ही बघतो की, मध्ये सरकार कशाला, असं त्यांचं म्हणणं. काहीजणी खरंच बघतही असतील. पण आजारपणातली पेज मालकिणीच्या मनावर असणं आणि साडेसात शिलिंग हक्कानं मिळणं यांत फरक आहे. पहिल्यात पुन्हा कुणाच्यातरी शब्दावरच जगायचं. कायदा झाला आणि पुढच्या जुलैपासून तिकिटं चिकटू लागली.

या सगळ्यात आपल्याकडच्या बायाही होत्या. ‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडं आला, आपल्याकडून साहेबांच्या घरात गेला आणि त्यांच्याबरोबर बोटीत चढला. मुंबईहून सुएझमार्गे निघालेल्या साहेबांच्या कुटुंबाला पोरं सांभाळायला प्रवासापुरती आया हवी असे. लंडनला उतरलं की तिचं काम संपलं. परतीचं तिकीट कबूल केलेलं असायचं, पण सगळेच ते देत नसत. अनोळखी शहर, कडाक्याची थंडी, आणि शब्द देणारा निघून गेलेला. अशा बायांसाठी एक वसतिगृह होतं, आयाज होम. १९०० साली ते हॅकनीमधल्या २६, किंग एडवर्ड्स रोड या घरात आलं. लंडन सिटी मिशन ते चालवायचं. परत हिंदुस्थानात निघालेल्या एखाद्या कुटुंबाला आया हवी असली की ते तिथं यायचे, आणि तिचा परतीचा प्रवास म्हणजे पुन्हा कुणाची तरी पोरं सांभाळत जाणं. २०२२ साली त्या घरावर निळी पाटी लागली, इतिहासातल्या जागांवर लावतात ती. मी मुद्दाम पाहायला गेले होते. साधं घर आहे, गल्लीतल्या इतर घरांसारखंच. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले आणि मला कळेना की काय बघायचं, खिडक्या की पायऱ्या. शेवटी पायऱ्याच बघितल्या.

एडवर्ड गादीवर बसल्यावर त्यानं पहिल्यांदा केलेल्या कामांत हेही एक होतं. आईच्या, म्हणजे व्हिक्टोरियाच्या, पदरी असलेल्या हिंदी नोकरांना त्यानं परत धाडलं आणि तिचा हिंदी मुन्शी अब्दुल करीम याच्या घरातली तिची पत्रं जाळायला लावली. राणीनं त्या माणसाला स्वतःच्या हातानं लिहिलेली पत्रं. राणीचा शब्दही ती असेपर्यंतच टिकला.

एरडिगहून परतताना आई गाडीत फारसं बोलली नाही. गुडघा चोळत होती. घर जवळ आल्यावर तिनं विचारलं, “ती येती ना आपल्याकडं, गुरवारची. तिला चिठ्ठी दिली का तू?”

आमच्याकडं एक आड एक गुरुवारी एक बाई साफसफाईला येते, रोमानियाची आहे. आम्ही दोघं नोकरीवर असायचो, त्यामुळं त्या तीन महिन्यांत तिची गाठ माझ्यापेक्षा आईशीच जास्त पडली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी अकराच्या चहाला दोघी स्वयंपाकघरात बसायच्या. एका वृद्धाश्रमात तिला कायमची नोकरी मिळत होती आणि तिथं आधीच्या दोन ठिकाणांची शिफारसपत्रं हवी होती. तिनं मला तीन आठवड्यांपूर्वी विचारलं होतं. मी हो म्हणाले होते आणि कामाच्या गडबडीत राहून गेलं होतं. ते आईला कसं कळलं ते मी विचारलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसले. आई समोर येऊन बसली, गुडघ्याखाली उशी घेऊन.

“काय लिहू?”

“लिही, येळेवर येती. सांगावं लागत न्हाई. सोफा हलवून मागचं झाडती.” ती थांबली. “कपाट उघडं असलं तरी हात लावत न्हाई, आसं नको लिहूस. ते लिहिलं की वाचनाराच्या मनात येतं.”

मी खोडलं. मी खरंच ते वाक्य लिहायला घेतलं होतं.

“म्हाताऱ्या मान्साशी कशी बोलती ते लिही. माझ्याशी बोलती. मला समजत न्हाई, पर सावकाश बोलती. आन नाव नीट घाल तिचं, आख्खं.”

मी पहिल्या ओळीवर परत गेले. चार वर्षं ती आमच्याकडं येत होती. आडनाव मला माहीत नव्हतं. साडेनऊ वाजले होते, तरी मी फोन लावला. तिला आधी वाटलं काही चुकलंय, तिचा आवाज बदलला. मग मी कशासाठी फोन केलाय ते सांगितलं. तिनं एकेक अक्षर सावकाश सांगितलं, मी एकेक अक्षर टाइप केलं, आणि बरोबर आहे का म्हणून पुन्हा तिलाच वाचून दाखवलं.